टाकीतली रांग

१

आमच्या टाकीचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. आमचे चावीवाले हिंमतराव पाण्याची चावी उघडतात, साडेनऊला बंद करतात. दहाला मी पोचते. पातळीची नोंद बघते, क्लोरीनच्या खोलीत एक फेरी मारते आणि मग नागरिकांचे फोन घ्यायला बसते. काहींना पाणी आलेलं नसतं, काहींना आलेलं असतं पण जोर नसतो. एक निवृत्त गृहस्थ मात्र रोज न चुकता फोन करून सांगतात की पाणी आलं, जोरही होता, पण कालच्यासारखी चव नव्हती. त्यांना मी रोज, नोंद घेतली आहे, असं सांगते.

टाकी कर्वेनगरच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या उतारात अर्धी पुरलेली आहे. वर हिरवळ आहे, चार बाकं आहेत, आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांना आपल्या पायाखाली ऐंशी लाख लिटर पाणी आहे याचा पत्ताही नसतो. आत दोन कप्पे, एक पूर्वेचा आणि एक पश्चिमेचा. मध्ये एक जाड भिंत. प्रत्येक कप्प्यात उतरायला लोखंडी झाकण आणि त्याखाली शिडी.

मी मूळची वाशीम जिल्ह्यातली. शिक्षण अमरावतीला झालं, नोकरी पुण्यात लागली. कनिष्ठ अभियंता, उत्कर्षा अशी पाटी टेबलावर आली तेव्हा आईला फोटो पाठवला होता. ती म्हणाली, पाण्याच्या खात्यात लागलीस, आता कुणी तहानलेलं परत पाठवू नकोस.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी दुपारी बाराला मी पूर्वेच्या कप्प्याचं झाकण उघडलं. पातळी डोळ्यांनी बघून घ्यायची होती. येणारं पाणी बंद होतं, जाणारं बंद होतं. आतलं पाणी अगदी स्थिर असायला हवं होतं, आणि होतंही. काळं, सपाट, झाकणाचा चौकोनी उजेड तसाच्या तसा धरून ठेवलेलं.

आणि आत कुणीतरी घागर भरत होतं.

या आवाजाची ओळख मला कुणी करून द्यायची गरज नव्हती. रिकाम्या भांड्यात पाणी पडायला लागलं की आधी जाड, पोकळ आवाज येतो. भांडं भरत जातं तसा तो बारीक होत वर चढतो आणि काठाशी आला की एकदम बुडतो. लहानपणी आम्ही तो आवाज ऐकून, न बघता, नळ बंद करायचो. आत्ताही तसाच तो चढला, बुडला, थांबला.

मग दुसरं भांडं लागलं. पहिल्यापेक्षा लहान.

२

मी अभियंता आहे. आवाज आला तर त्याचं कारण असतं, आणि कारण सापडेपर्यंत शोधायचं असतं. येणाऱ्या नळाची चावी पुरती बसली नसेल, म्हणून ती तपासली. बसलेली होती. भिंतीला भेग पडून कुठे पाणी झिरपत असेल, म्हणून दुपारभर दर अर्ध्या तासाने पातळी लिहिली. ती एक बोटभरही उतरली नाही. म्हणजे टाकीतून काहीही जात नव्हतं, तरीही टाकीत भांडी भरली जात होती.

मी हिंमतरावांना विचारलं. ते खालच्या गावठाणातले, या टाकीवर तीस वर्षं काढलेले. पांढरी टोपी, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि बोलणं मोजकं.

"आत आवाज कसला येतो?"

"पाण्याचा."

"तसा नाही. भांडी भरल्यासारखा."

त्यांनी चावीचा दांडा फडक्याने पुसला, जागेवर ठेवला आणि चहा आणायला निघून गेले. हे उत्तर नव्हतं. पण नाही असंही ते म्हणाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाराला मी मोबाईल झाकणातून आत धरून आवाज रेकॉर्ड केला. संध्याकाळी घरी तो लावला. माझा नवरा, शुभंकर, खराडीच्या कंपनीचं काम डायनिंग टेबलावर पसरून बसला होता. त्याला मी काही सांगितलेलं नव्हतं. मनातून मला वाटत होतं, त्याला नुसती घरघर ऐकू यावी, आणि मी डॉक्टरकडे जाऊन कान तपासून घ्यावेत. ते मला चाललं असतं.

त्याने स्क्रीनवरून नजर न उचलता ऐकलं आणि म्हणाला, "तुमच्या टाकीवर बायका पाणी भरायला येतात का गं?"

मी हो म्हटलं.

"मग एखादी तोटी बसवून द्या की. एवढी मोठी रांग. किती वेळ उभ्या राहणार बिचाऱ्या."

बायका, असं का म्हणाला, हे मी विचारलं नाही. रात्री परत एकदा ते लावायचा धीरही झाला नाही.

३

टाकीचा मूळ नकाशा कपाटातल्या सर्वांत खालच्या खणात होता. पन्नास वर्षांपूर्वीचा, घड्यांवर फाटलेला. तो मी टेबलावर पसरला तेव्हा हिंमतराव दारात येऊन उभे राहिले. त्यांना नकाशा वाचता येत नसावा असं मला वाटलं होतं. ते पुढे आले आणि बोट ठेवत गेले.

त्यांच्या आजोबांचं खळं इथे होतं. वारा चांगला मिळायचा म्हणून ज्वारी इथेच उफणायचे. मग रस्त्यांना खडी लागायला लागली आणि खळ्याची खाण झाली. वीस-पंचवीस वर्षं सुरुंग लागत होते. खडक संपला तसा खड्डा सोडून लोक गेले. मग पानशेतचं धरण फुटलं. नदीकाठची घरं गेलेल्या माणसांना शहरभर जागा सापडेल तिथे ठेवलं, त्यातली थोडी इथे, खाणीच्या काठावर पत्र्याच्या छपरांत. दोन-अडीच वर्षं ती छावणी होती. ती हलल्यावर खड्डा मुरूम-मातीने भरला आणि त्यावर टाकी बांधली.

"छावणीतल्या लोकांना पाणी कुठून मिळायचं?" मी विचारलं.

"हितूनच," ते म्हणाले. "खाणीच्या तळाला झरा हाय."

होता असं ते म्हणाले नाहीत.

नकाशावर तुटक रेषेने जुनी खाण दाखवली होती, आणि ती रेषा बरोबर मधल्या भिंतीखालून जात होती. म्हणजे टाकीचा बाकीचा भाग खडकावर उभा होता आणि मधली भिंत भरावावर. मी त्याच दिवशी वरिष्ठांना पत्र लिहिलं, की भिंतीचा पाया तपासावा. उत्तर आलं की पावसाळ्याआधी वार्षिक स्वच्छता उरकून घ्यावी, पायाचं नंतर बघू. चुकीचं नव्हतं ते. पाऊस कुणासाठी थांबत नाही, आणि माझ्याकडे पुरावा म्हणून काय होतं? पन्नास वर्षांपूर्वीची एक तुटक रेघ आणि मोबाईलमधली घागर.

४

स्वच्छतेसाठी एका वेळी एकच कप्पा रिकामा करतात, म्हणजे शहराचं पाणी तुटत नाही. पूर्वेचा कप्पा आम्ही शनिवारी रिकामा केला. रविवारभर झाकणं उघडी ठेवून वाळू दिला. सोमवारी सकाळी अकराला मी आणि हिंमतराव आत उतरलो.

रिकामी टाकी मोठ्या मंगल कार्यालयासारखी दिसते, फक्त उजेड नसलेल्या. खांबांच्या रांगा, थंडावा, आणि आपण बोललो की आपलंच बोलणं थोड्या वेळाने दुसऱ्या कुणाचं होऊन परत येतं. जमीन कोरडी झाली होती. गाळाचा पातळ थर वाळून त्याला तडे गेले होते. बुटांखाली तो पापडासारखा मोडत होता.

त्या कोरड्या जमिनीवर ओली वर्तुळं होती.

भांडं ठेवून उचललं की त्याच्या बुडाची जशी गोल खूण राहते, तशी. काही मोठी, काही लहान. एकामागे एक, सरळ ओळीत, मधल्या भिंतीपासून निघून टाकीच्या मध्यापर्यंत. वाळलेल्या गाळावर माझ्या बुटांचे ठसे होते, हिंमतरावांच्या चपलांचे होते. वर्तुळांच्या आजूबाजूला कशाचेच नव्हते.

मी खाली वाकले. बोट लावलं तर पाणी गार होतं, ताजं होतं. छतातून ठिबकत असेल म्हणून वर बघितलं. छत कोरडं ठणठणीत होतं. मी बुटाने एक वर्तुळ पुसायला गेले, तेव्हा हिंमतरावांनी माझा दंड धरला. तीस वर्षं मॅडम आणि साहेब लोकांपासून हातभर अंतर राखून वागलेल्या माणसाने.

"राहू द्या," ते म्हणाले. "ज्याचा त्याचा नंबर असतोय."

मंगळवारी सकाळी मी एकटीच उतरले. वर्तुळं तशीच ओली होती, पण ओळ बदलली होती. भिंतीजवळची जागा आता मोकळी होती. रांग टाकीच्या मध्यापासून सुरू होत होती आणि शिडीच्या पायथ्याशी येऊन संपत होती. रात्रीतून सगळ्या रांगेने तोंड फिरवलं होतं. भिंतीकडे जाणारी रांग बाहेर निघाली होती.

मी भिंतीपाशी जाऊन विजेरीच्या उजेडात तिचा एकेक हात तपासला. भेग नाही, ओल नाही, फुगवटा नाही. पलीकडे चाळीस लाख लिटर पाणी होतं. मी भिंतीला कान लावला. काही ऐकू आलं नाही, आणि ते मला आवडलं नाही.

५

त्याच दिवशी दहाला मच्छिंद्रची टोळी आली. तो आणि त्याची सहा माणसं, दरवर्षी हेच काम करणारी. खराटे, बादल्या, ब्लीचिंग पावडर घेऊन ती आत उतरली. मच्छिंद्र बोलका माणूस. खाली उतरताना त्याने मला सांगितलं, की मुलगी बारावीला पहिली आलीय कॉलेजात, म्हणून आज संध्याकाळी घरी जेवण आहे, काम चारच्या आत आटपणार.

बाराच्या सुमाराला मी वर, पश्चिमेच्या कप्प्याच्या झाकणापाशी गेले. तो भरलेला कप्पा. झाकण उघडून ऐकत बसले. सव्वाबाराला आवाज सुरू झाला, पण रोजच्यासारखा नव्हता. भांडं अर्धं भरतंय न भरतंय तोच दुसरं लागत होतं. दुसरं पावही भरत नव्हतं. रांगेत मागे उभ्या असलेल्या बायका पुढच्यांना घाई करायला लागतात तेव्हा होतं तसं. मग सगळं एकदम थांबलं. आणि त्या शांततेत, पुष्कळ हातांनी पुष्कळ भांडी एकाच वेळी जमिनीवरून उचलली.

मला कारण सापडलं नव्हतं. नियमाप्रमाणे आधी कारण सापडायला हवं होतं. मी धावत पूर्वेच्या झाकणापाशी गेले, शिडीवरून उतरताना दोन पायऱ्या चुकले, आणि खाली पोचल्यावर सगळ्यांना बाहेर पडायला सांगितलं. मच्छिंद्र खराटा टेकवून उभा राहिला. अर्धी जमीन घासून झाली होती, पावडर टाकलेली होती, आता मध्येच सोडून कसं चालेल, असं त्याचं म्हणणं. बाकीची माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"क्लोरीन सुटलाय," मी म्हटलं. "पळा."

आयुष्यात एवढं धडधडीत खोटं मी बोलले नव्हते. पण या कामातल्या माणसाला त्या शब्दापुढे दुसरं काही सांगावं लागत नाही. बादल्या तिथेच सोडून माणसं शिडीला लागली. मी शेवटची. शिडीला हात घातला आणि मागे वळून विजेरी फिरवली. कुणी राहिलं नाही ना, एवढंच बघायचं होतं.

उजेड खांबांवरून सरकत मधल्या भिंतीपर्यंत गेला. भिंतीच्या तळाशी पावलं होती.

टाचा जमिनीत रोवलेल्या, बोटं ताणलेली, घोट्याला लुगड्याचा ओला काठ चिकटलेला. एका पायात जोडवी. त्याच्या शेजारी आणखी एक जोडी, तिच्या शेजारी आणखी. भिंतीला पाठ लावून, मागून कुणी दार लोटतंय ते सगळ्यांनी मिळून रेटून धरावं, तशी उभी राहिलेली.

उजेड घोट्यांच्या वर न्यायचा मला धीर झाला नाही. मी विजेरी विझवली आणि वर चढले.

६

हिंमतराव झाकणाशी उभे होते. त्यांनी डोकी मोजली. सात आणि मी. ते पुटपुटले ते मला वाटलं देवाचं नाव असेल. पण ते म्हणाले होते, "आले बाई सगळे वर."

माझ्याशी नाही. खाली वाकून, झाकणाच्या आत.

मग पायाखालची हिरवळ हलली. आवाज नंतर आला, खोल, लांब, जमिनीने घसा साफ करावा तसा. पूर्वेच्या तोंडातून वारा असा बाहेर आला की उघडं लोखंडी झाकण बिजागरीतून निखळून तीन माणसांच्या उंचीइतकं उडून बाकाजवळ पडलं. खाली मधली भिंत गेली होती आणि पश्चिमेचं पाणी पूर्वेच्या रिकाम्या कप्प्यात शिरलं होतं. आत बघितलं तेव्हा अर्धी टाकी भरली होती, आणि वर सात खराटे गोल गोल फिरत होते.

मच्छिंद्र गवतावर मटकन बसला. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, क्लोरीनचा वास आला नव्हता."

"नाही."

त्याने मान हलवली, खिशातून फोन काढला आणि घरी लावला. मुलीला म्हणाला, चार नाही, आत्ताच निघतोय. मग फोन कानाला तसाच धरून रडत राहिला, आणि पलीकडून ती बाबा, बाबा करत राहिली.

माणसं गेल्यावर हिंमतरावांनी मला पाणी आणून दिलं.

"किती होत्या?" त्यांनी विचारलं.

"मी मोजल्या नाहीत."

"मला नुसतं ऐकू येतंय," ते म्हणाले. "तीस वर्षं. दिसलं कधीच नाही."

त्यांच्या आवाजात भीती नव्हती. थोडा हेवा होता.

७

चौकशीला तिघे जण आले. पाया खचला हे उघडच होतं. भरावातली माती वर्षानुवर्षं खालून वाहून गेली होती आणि भिंत जवळजवळ अधांतरी उभी होती. माझं आधीचं पत्र फायलीत होतं, त्यामुळे मला कुणी दोष दिला नाही. फक्त एकाने विचारलं, की नेमकं त्याच वेळी माणसं बाहेर काढावीत असं का वाटलं. मी सांगितलं, आतून आवाज आला. कसला? भांड्यांचा. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि अहवालात लिहिलं, 'धातूसदृश ध्वनी'. तेही खरंच होतं.

त्या रविवारी हिंमतराव मला गावठाणात इंदुबाईंकडे घेऊन गेले. पंच्याहत्तरीच्या पुढच्या बाई, एका डोळ्याने कमी बघणाऱ्या. छावणीत आल्या तेव्हा बारा वर्षांच्या होत्या. छावणी उठल्यावर बाकीचे पांगले, त्यांचं लग्न इथेच गावात झालं.

मी त्यांना काय बघितलं ते सांगितलं नाही. खाणीतल्या झऱ्याविषयी विचारलं. त्या म्हणाल्या, पाणी करंगळीएवढं यायचं आणि माणसं दीडशे. मैना म्हणून एक बाई होती, ती रांग लावायची. आधी तान्ह्या मुलांच्या आया, मग आजारी, मग बाकीचे. कुणी मध्ये घुसलं तर त्याची घागर ओतून द्यायची. एकदा पावसात खाणीची कड सुटायला लागली, तर सगळ्या बायकांनी मिळून फळ्या रेटून धरल्या, पोरं वर जाईपर्यंत.

मी घाबरत घाबरत विचारलं, की त्यात कोण कोण गेलं.

इंदुबाई हसल्या. मैना पुढे भावाकडे खोपोलीला गेली, नातवंडं बघून म्हातारी होऊन वारली. बाकीच्याही आपापल्या घरी, आपापल्या वेळी.

"हितं कुणी मेलं नाही, पोरी," त्या म्हणाल्या. "हितं आम्ही जगलो."

इतके दिवस मी त्या टाकीत कुणाचं तरी मरण शोधत होते. जागेला मरणच लक्षात राहतं, असं मी कशावरून धरून चालले होते?

८

नवी भिंत बांधायला पाच महिने लागले. या वेळी सगळा भराव काढला, खाणीच्या मूळ खडकापर्यंत गेलो आणि पाया तिथून उचलला. खडकात झरा होता. करंगळीएवढाच. कंत्राटदार म्हणाला, सिमेंट भरून बुजवून टाकू. मी नकाशा बदलून घेतला आणि झऱ्याला भिंतीखालून, टेकडीच्या उताराकडे वेगळी वाट काढून दिली. त्यासाठी तीनदा वरच्या कार्यालयात जावं लागलं. तिसऱ्यांदा साहेबांनी विचारलं, एवढ्याशा पाण्यासाठी एवढा हट्ट का? मी म्हटलं, वाहतं पाणी अडवलं की ते पाया खातं. हेही खरंच होतं.

नोव्हेंबरमधल्या एका सकाळी टाकी भरायची ठरली. त्याआधीची शेवटची पाहणी माझी. मी एकटीच पूर्वेच्या कप्प्यात उतरले. जमीन कोरडी होती, स्वच्छ होती, कुठेही खूण नव्हती. नव्या भिंतीपाशी गेले. मधे विजेरी पडली, ती घरंगळत एका खांबाशी थांबली, आणि मी ती आणायला गेले नाही. अंधारातच उभी राहिले. मग भिंतीकडे पाठ करून मी तिला टेकले, आणि बोलले. मोठ्याने, कार्यालयात बोलते तसं.

"पाया खडकात घेतलाय. मी स्वतः बघितलाय. आता ही पडायची नाही. आपण टेका जरा."

माझाच आवाज खांबांमधून फिरून परत आला आणि विरला. मग माझ्या डावीकडे, अगदी हाताच्या अंतरावर, बांगड्या वाजल्या. मग उजवीकडे. मग भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकामागून एक, दिवसभर उभं राहून दमलेल्या बाया जमिनीवर बसतात तेव्हा होतो तेवढाच आवाज झाला. लुगड्याची सळसळ, गुडघ्यांची कुरकुर आणि एक लांब उसासा.

मी वर आले. हिंमतराव चावीवर हात ठेवून उभे होते.

"सोडू का पाणी?"

"सोडा," मी म्हटलं. "पण थोडं थांबून."

त्यांनी चावीवरचा हात काढला. मी गवतावर बसले, तसे तेही टोपी काढून, ती मांडीवर ठेवून, माझ्या शेजारी उन्हात बसून राहिले.